अब्बांची फियाट आणि आपाचे सात भाग

मुरुडला आमच्या घरामागे, वाडीत उतरायच्या वाटेवर एक पत्र्याची शेड आहे. अब्बांची फियाट त्या शेडमध्ये साडेतीन वर्षं नुसती उभी होती. 3 जून 2020 च्या दुपारी निसर्ग वादळ आमच्या किनाऱ्यावर आलं, तेव्हा कुंपणालगतचा नारळ शेडवर आडवा झाला आणि शेडचा वासा थेट गाडीच्या टपावर बसला. वारा पडल्यावर अब्बा बाहेर आले. वाडीत सुपाऱ्या काडेपेटी सांडल्यासारख्या पसरल्या होत्या. अब्बांनी आधी गाडीच्या टपावरून हात फिरवला आणि म्हणाले, "हे ठोकून निघेल. सुपारीला मात्र सात-आठ वर्षं जातील."

सुपारीची रोपं त्यांनी त्याच पावसात लावून घेतली. गाडीचं काम राहिलं. दीड वर्षाने अब्बांचा इंतकाल झाला आणि गाडी तशीच उभी राहिली. टपावर ताडपत्री, ताडपत्रीवर झावळ्या आणि मागच्या सीटवर अम्मीच्या कोंबड्या.

गाडी 1970 ची, फियाट 1100 डिलाइट. अब्बा जहाजावर इंजिनरूममध्ये होते. आमच्या किनाऱ्यावर कोकणी मुसलमानांच्या घरात एक तरी माणूस जहाजावर नाहीतर आखातात असतो, हे वाचणाऱ्यांपैकी अनेकांना सांगायला नको. 1986 मध्ये अब्बांनी मुंबईच्या एका वयस्कर पारशी गृहस्थांकडून ही गाडी घेतली. तेव्हाच ती सोळा वर्षांची होती. पण त्या पिढीला गाडीचं वय फारसं टोचत नसे, कारण नवी गाडी हवी तर नाव नोंदवून वर्षानुवर्षं थांबावं लागे. मोटारी बनवणारे मोठे कारखाने मोजून तीन. कलकत्त्याजवळ ॲम्बॅसॅडरवाले हिंदुस्थान मोटर्स, मद्रासला स्टँडर्ड आणि मुंबईत कुर्ल्याला प्रीमियर ऑटोमोबाइल्स, म्हणजे वालचंद हिराचंदांनी 1944 मध्ये काढलेली कंपनी. प्रीमियरने इटलीच्या फियाटची 1100 इथे बनवायला घेतली. 1964 मध्ये तिची डिलाइट आली, पुढे इटालियन नाव गेलं आणि 1974 पासून तीच गाडी प्रीमियर पद्मिनी झाली. 2000 च्या सुमारास ती बंद पडली तोवर तिचा मूळ सांगाडा काही बदलला नव्हता.

एक गंमत सांगून पुढे जातो. पन्नाशीच्या दशकातल्या गोल पाठीच्या फियाटला मुंबईत लोक 'डुक्कर फियाट' म्हणत. आमची गाडी त्यानंतरची, बरीच चौकोनी. पण मुरुडच्या एसटी स्टँडवर कुणीतरी तेच नाव हिला चिकटवलं आणि ते अम्मीच्या कानावर गेलं. महिनाभर तिने गाडीत पाय ठेवला नाही. "त्या जनावराचं नाव असलेल्या गाडीत बसून मी लग्नाला जायचं?" अब्बा समजावून थकले की ती वेगळी, ही वेगळी. शेवटी त्यांनी एका जुम्याला मशिदीसमोर गाडी उभी करून पेढे वाटले, तेव्हा कुठे मामला थंड झाला.

2023 च्या ऑक्टोबरअखेर बातमी आली की मुंबईच्या रस्त्यावरून पद्मिनी टॅक्सी कायमची गेली. काळ्या-पिवळ्या टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, आणि शेवटची पद्मिनी ताडदेवच्या आरटीओत 29 ऑक्टोबर 2003 ला नोंदलेली. म्हणजे हिशेब सरळ होता. टीव्हीवर लोक त्या शेवटच्या टॅक्सीसोबत फोटो काढत होते. मी उठून शेडमध्ये गेलो, ताडपत्री ओढली आणि कोंबड्यांना बाहेर काढलं.

आधी हमरस्त्यावरच्या एका मोठ्या गॅरेजवाल्याला दाखवली. त्याने पाच मिनिटांत सांगितलं, चाळीस हजार, पंधरा दिवस, आरशासारखी करून देतो. मला ते पटलंही होतं. पण अम्मी म्हणाली, आपल्या मोहल्ल्यातल्या मिस्त्रींना एकदा विचार. मिस्त्री आता सत्तरीला आलेत. कुर्ल्याच्या गॅरेजांमध्ये त्यांनी तीस वर्षं डेंटिंगचं काम केलं आणि गुडघे गेल्यावर गावी परतले. ते आले ते हातात ना हातोडी, ना कसलं हत्यार. खिशातून एक लोहचुंबक काढलं, रंगाला ओरखडे पडू नयेत म्हणून रुमालात गुंडाळलं आणि गाडीच्या अंगावरून सावकाश फिरवत निघाले. जिथे चुंबक चिकटलं तिथे पत्रा. जिथे ते सुटून खाली आलं तिथे त्यांनी खडूने गोल काढला. तासाभरात गाडी देवीचे व्रण उठावेत तशी गोलांनी भरली.

"हे सगळं काय आहे?" मी विचारलं.

"लांबी," ते म्हणाले. "पत्रा सडला की वर लांबी भरायची, घासायची, रंग मारायचा. दोन पावसाळे दिसत नाही. आत गंज चालूच."

मग त्यांनी स्क्रू-ड्रायव्हर मागितला आणि ड्रायव्हरच्या दाराखाली नुसता टेकवला. तो मुठीपर्यंत आत गेला.

इथे गाडीची रचना थोडी सांगायला हवी, कारण मलाही ती तेव्हाच कळली. जुन्या जीपला किंवा ट्रकला खाली लोखंडी चासी असते आणि वर बॉडी बसवलेली असते. बॉडी कुजली तरी चासी गाडी उचलून धरते. फियाटला अशी वेगळी चासी नाही. पत्र्याच्या घड्या आणि पेट्या एकमेकींना जोडून तिची बॉडीच सगळं वजन पेलते. दारांच्या खाली, पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत, दोन्ही बाजूंना पत्र्याची एकेक बंद पेटी जाते. तीच तिचा कणा. आमच्या गाडीच्या दोन्ही पेट्या बाहेरून गुळगुळीत होत्या आणि आतून बिस्किटाच्या चुऱ्यासारख्या. म्हणजे चाळीस हजारांत ती आरशासारखी झाली असती आणि एखाद्या खड्ड्यात मधोमध बसली असती.

समुद्र काय करतो ते आम्ही किनाऱ्यावरचे लोक खिडकीच्या गजांवर रोज पाहतो. लोखंडाला पाणी आणि हवा मिळाली की गंज धरतोच. पण खारा वारा त्यात दोन गोष्टींची भर घालतो. मीठ हवेतली ओल ओढून घेतं, म्हणून पाऊस नसतानाही पत्रा सुकत नाही. आणि खाऱ्या पाण्यातून वीज सहज वाहते, म्हणून गंजण्याची क्रिया कितीतरी वेगाने चालते. दारांना खाली बारीक भोकं असतात, काचेवरून आत गेलेलं पाणी निघून जावं म्हणून. ती मातीने बुजली की पाणी आत साचतं. म्हणून जुनी गाडी नेहमी आतून बाहेर गंजते. बाहेर रंगाला एवढासा फोड दिसतो तेव्हा आतलं काम झालेलं असतं.

मिस्त्री म्हणाले, "कापावं लागेल. निरोगी पत्रा लागेपर्यंत कापायचं. मध्ये थांबलो तर पैसे पाण्यात."

मी हो म्हणालो आणि काम सुरू झालं.

कापण्याआधी त्यांनी गाडी चार लाकडी ठोकळ्यांवर उचलली आणि पाण्याची पातळी दाखवणारी नळी लावून चारही कोपरे सारखे आहेत का ते पाहिलं. मग दारं काढून मोकळ्या चौकटींमध्ये लोखंडी पट्ट्या आडव्या-तिरक्या वेल्ड केल्या. मला वाटलं हे कशाला? ते म्हणाले, कणा काढल्यावर गाडी आपल्याच वजनाने मधोमध वाकते. चार-पाच मिलिमीटर वाकली तरी बास. नव्या पेट्या छान बसतील, पण दारं पुन्हा कधी लागणार नाहीत. एका वेळी एकच बाजू कापली. बाहेरच्या कातड्याला वीस गेजचा पत्रा, पेटीला अठराचा. कागदावर माप घेऊन वाकवला, जागेवर टाके मारले, दार लावून पाहिलं, काढलं, पुन्हा लावलं. शेवटची शिवण मारायच्या आधी पाच वेळा दार बसवून पाहिलं असेल. शिवणही सलग मारत नव्हते. इथे एक टाका, तिथे एक, मध्ये निवायला वेळ, नाहीतर उष्णतेने पत्रा फुगतो.

टपाचं काम त्याहून नाजूक निघालं. आतलं कापडी अस्तर उतरवून, आतून डॉली धरून, बाहेरून हातोडी मारत त्यांनी पोचा वर आणला. पण ताणलेला पत्रा पुन्हा जागेवर बसत नाही, डब्याच्या झाकणासारखा टपटप वाजतो. त्यावर उपाय म्हणजे गॅसच्या ज्योतीने एक रुपयाएवढा भाग लाल करायचा, भोवती हलके ठोके मारायचे आणि ओलं फडकं दाबायचं. लाल झालेला पत्रा आकसतो. असे वीसेक डाग घेतल्यावर टप वाजायचा थांबला. अब्बा म्हणाले होते, ठोकून निघेल. निघालं.

आता मूळ गोष्टीकडे येतो.

गाडी अब्बांच्या नावावर होती. माणूस गेल्यावर गाडी वारसाच्या नावावर करायला आरटीओचा 31 नंबरचा फॉर्म भरावा लागतो आणि बाकीच्या वारसांची हरकत नसल्याचं लिहून द्यावं लागतं. हे काम तीन महिन्यांत करायचं असतं. मी दोन वर्षं केलंच नव्हतं. डिसेंबरमध्ये वकिलाकडून संमतीपत्र टाइप करून घेतलं. अम्मीने लगेच सही केली. आपा पनवेलला असते. तिला कागद व्हॉट्सॲपवर पाठवला. खाली लिहिलं, "सही करून पाठव, घाई नाही." निळ्या खुणा आल्या. उत्तर आलं नाही. आठवडा गेला, महिना गेला. मी समजलो, विसरली असेल.

फेब्रुवारीत मिस्त्रींनी मागचा डावा मडगार्ड घासायला घेतला. तिथे चुंबक अजिबात टिकलं नव्हतं. रंग आणि लांबी खरवडत गेले तर लांबी बोटभर जाड निघाली. मिस्त्रींना जरा धक्काच बसला. "सगळी गाडी कुणीतरी घाईत भरलीय, पण हे काम हौसेने केलंय," ते म्हणाले. लांबीच्या खाली गंज नव्हताच. होता एक खोल पोचा, वितभर लांब, पत्रा कुठेही न फाटलेला. कुठल्या तरी कोपऱ्यावर गाडी मागे आदळली असावी.

मी फोटो काढला आणि सहज आपाला पाठवला. दहा सेकंदांत तिचा फोन आला.

"तो मी पाडलाय," ती म्हणाली.

तेव्हा ती एकोणीस वर्षांची, मी नऊचा. अब्बा सुट्टीवर आले की पहाटे तिला आगरदांड्याच्या रस्त्यावर गाडी शिकवायला न्यायचे. मला यातलं काहीच आठवत नाही, मी झोपलेला असायचो. एके दिवशी परत आल्यावर गाडी मागे घेताना तिने ती विहिरीच्या कठड्यावर घातली. त्या सकाळी घरी मामा आलेले होते, शेजारी होते. मुलीला गाडी शिकवतात म्हणून आधीच चार लोक चार गोष्टी बोलत होते. अब्बा खाली उतरले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "माझंच लक्ष नव्हतं." मग अलिबागहून सामान आणून स्वतः लांबी भरत बसले. डेंटरकडे नेली असती तर गावभर झालं असतं. पुढच्या सुट्टीत तिचं लग्न ठरलं आणि गाडी शिकणं तिथेच संपलं.

मी हसलो. ती नाही हसली. थोडं थांबून म्हणाली, "संमतीपत्रावर सही करते मी. पण एक विचारू? वाडीच्या वेळीसुद्धा तू कागद तयार करूनच आणला होतास."

त्यावर मी काय बोललो ते मला आठवत नाही. बहुतेक काहीच नाही.

झालं होतं असं. अब्बांचं चाळिसावं उरकल्यावर आठवड्याभरात आम्ही दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात गेलो आणि आपाने घर-वाडीवरचा हक्क सोडल्याच्या कागदावर सही केली. मी तिच्यावर जोर केला नव्हता. "मला काय करायचंय, तूच बघ," असं तीच म्हणाली होती, आणि मी ते चटकन उचललं. कोकणात हे घरोघरी असंच चालतं, शेजारच्या हिंदू घरांतही आणि आमच्यातही. बहिणीने सही करायची आणि भावाने आंबे-सुपारी पाठवत राहायचं. हक्क मागितला तर माहेर तुटेल, या भीतीला आपण बहिणीचं मोठं मन म्हणतो. मी तेच म्हणत आलो होतो. चार लोकांत अभिमानाने सांगितलंही होतं की आपाने एका शब्दाने सगळं सोडलं.

आपल्यात तर ही गोष्ट भावाच्या मर्जीवर ठेवलेलीच नाही. सूरह निसामध्ये हिस्से ठरवून दिलेत. बायकोला आठवा भाग, आणि उरलेल्यात मुलाला मुलीच्या दुप्पट. आजी-आजोबा कधीच गेलेले, त्यामुळे आमचा हिशेब सोपा. चोवीस भाग केले तर अम्मीचे तीन, माझे चौदा, आपाचे सात. मुलीला निम्मं का, यावर वाद घालणारे पुष्कळ आहेत आणि तो वाद घालावा. पण त्या वादात आपण एक गोष्ट सोयीने विसरतो. निम्म्याचा हुकूम मोडून आपल्या घरांत पूर्ण न्याय होत नाही, बहुतेक वेळा शून्य होतं. आणि त्या शून्यावर सही तिचीच असते.

त्या रात्री शेडमध्ये गेलो. गाडीवर खडूचे गोल अजून होते.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रींना म्हणालो, मडगार्डचं काम जरा थांबवा. आपाला बोलावलं. ती शनिवारी आली, बुरखा घडी करून बाजेवर ठेवला आणि मिस्त्रींच्या शेजारी उकिडवी बसली. मिस्त्रींनी तिला डॉली दिली, म्हणाले, आतून घट्ट धर, मी बाहेरून मारतो. गंजलेला पत्रा कापावा लागतो, पोचलेला पत्रा परत आणता येतो, हा फरक त्यांनी तिला समजावून सांगितला. दोन तास लागले. मधल्या वेळात आम्ही फार बोललो नाही. चहा घेताना मी तिला सांगितलं, वाडीचे सात भाग मी परत तुझ्या नावावर करतो. ती म्हणाली, "बघू." तिने माझ्यावर विश्वास ठेवला नाही, आणि ते बरोबरच होतं.

एप्रिलमध्ये पत्र्याचं काम संपलं. आमच्याकडे पावसाळ्यात रंगाचं काम करता येत नाही. ओल्या पत्र्यावर मारलेला रंग खालून सुटतो. म्हणून सगळ्या गाडीला प्रायमर मारून ठेवला आणि पाऊस संपेपर्यंत पट्ट्या, दांड्या, बीडिंग यांच्या मागे लागलो. खरी गाडी यातच असते. क्रोमचे बंपर, दारांवरच्या चकचकीत पट्ट्या, हेडलाइटच्या कड्या, काचांचे रबर. स्टीलची पट्टी चेपली असेल तर ठोकून, घासून, बफ मारून पुन्हा चमकते. ॲल्युमिनियमची पट्टी लोखंडी क्लिपने पत्र्यावर बसवलेली असेल तर खाऱ्या हवेत दोन धातू एकमेकांना खातात आणि पट्टीखाली पांढरी भुकटी सापडते. दारांच्या मुठी ओतीव जस्ताच्या. त्यांना बारीक खड्डे पडले की घासूनही जात नाहीत, दुसऱ्या शोधाव्या लागतात.

त्या शोधात मी चार वेळा कुर्ल्याला गेलो. सीएसटी रोडवरच्या जुन्या सामानाच्या दुकानांमध्ये पद्मिनीचे भाग अजून निघतात, कारण हजारो टॅक्सी तिथेच मोडल्या गेल्या. पण डिलाइट आणि पद्मिनी यांच्या पट्ट्या आणि चिन्हं सारखी नाहीत, हे दुकानात उभं राहिल्यावर कळतं. मिस्त्री सोबत नसते तर मी निम्मं सामान चुकीचं आणलं असतं. ज्या कुर्ल्यात गाडी बनली त्याच कुर्ल्यात तिचे अवयव शोधत फिरायचं, असं ते दिवस होते. कारखान्याच्या जागी आता उंच इमारती आहेत.

बंपर क्रोमला दिले. क्रोम म्हणजे आरसा, असं आपल्याला वाटतं. क्रोमचा थर केसाहून कितीतरी पातळ असतो. आधी जुना थर आम्लात उतरवायचा, पत्रा घासून गुळगुळीत करायचा, मग तांबं, मग निकेल आणि सगळ्यात शेवटी क्रोम. खाली खड्डा राहिला तर क्रोम तो झाकत नाही, उलट दाखवून देतो. त्या कारखान्यात टाक्यांच्या वाफा नाकाला झोंबत होत्या आणि काम करणारी पोरं नुसता रुमाल बांधून उभी होती. क्रोमच्या त्या द्रावणाने माणसाची फुप्फुसं जातात. आपल्या हौसेची किंमत कोण मोजतं, हेही तिथे दिसलं.

रंग कुठला, यावर घरात चर्चा झाली. मडगार्डच्या कडेला वॉटर पेपरने घासलं तर झाडाच्या खोडासारखी वलयं दिसत होती. वर क्रीम, त्याखाली पांढरा, त्याखाली फिकट निळा. कारखान्यातून गाडी निळी निघाली होती. डॅशबोर्डच्या खालच्या पत्र्यावर तो निळा अजून ताजा होता. शुद्ध काम करायचं तर निळीच करायला हवी. पण आमच्यापैकी कुणीही ती निळी पाहिलेली नव्हती. आपाला ती पांढरी आठवत होती, मला क्रीम. अम्मी म्हणाली, "ते गेले तेव्हा क्रीम होती." क्रीम ठरला.

2021 च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांवरची, मूळ रूपातली गाडी विंटेज म्हणून नोंदवता येते. तोही विचार केला. पण विंटेज गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. प्रदर्शनाला, रॅलीला, दुरुस्तीला किंवा पेट्रोल भरायलाच. अब्बांची गाडी जुम्याला आणि बाजारला जायची. साधीच ठेवली.

जानेवारी 2025 मध्ये रंग मारला. शेडला आतून प्लास्टिक लावलं, धूळ बसावी म्हणून जमिनीवर पाणी मारलं, आणि सकाळचं दव उडाल्यावर दहाला सुरुवात करून तीनच्या आत गन खाली ठेवायची, असं तीन दिवस. आताच्या रंगातलं हार्डनर श्वासातून जायला फार वाईट, म्हणून पेंटरला नळीने हवा येणारा मुखवटा भाड्याने आणून दिला. तो आधी लाजला, मग म्हणाला, पंधरा वर्षांत पहिल्यांदा संध्याकाळी खोकलो नाही. लांबी आम्हीही लावली. मिस्त्रींचा लांबीवर राग नाही. ते म्हणतात, तांदळाच्या भाकरीला तूप लावतो तेवढी लावायची, भाकरीच्या जागी नाही.

फेब्रुवारीत आपा आली तेव्हा गाडी दारात उभी होती. मी किल्ली तिच्या हातात दिली. चौतीस वर्षांनी ती त्या सीटवर बसली. गिअरची दांडी स्टिअरिंगलाच, तिचा हात बरोबर तिथे गेला. दोनदा गाडी बंद पडली, तिसऱ्यांदा निघाली. दरबार रोडने आम्ही समुद्रापर्यंत गेलो. पद्मदुर्ग उजेडात स्पष्ट दिसत होता. परत येताना तिने विहिरीपाशी गाडी थांबवली, मला खाली उतरवलं आणि म्हणाली, "मागे बघ, सांग." मी कठड्याजवळ उभा राहून हात हलवत राहिलो. दोन वीत जागा ठेवून तिने गाडी शेडमध्ये घातली.

गाडी आता माझ्या नावावर आहे, कारण पुस्तकात नाव एकाचंच लागतं. दुसरी किल्ली पनवेलला आहे. गाडीचा हिशेब अब्बा गेले त्या दिवशीच्या भंगाराच्या भावाने केला आणि तिचे सात भाग तिला दिले. दुरुस्तीचा खर्च माझी हौस, तो त्यात धरला नाही. ते पैसे तिने मिस्त्रींच्या गुडघ्याच्या इलाजाला दिले.

वाडीचं तेवढं सोपं नाही. सोडलेला हक्क परत द्यायचा तर बक्षीसपत्र करावं लागतं, त्याआधी हद्द पक्की हवी. मोजणीचा अर्ज दिलाय, तारीख यायची आहे. तोवर मी एक वही केलीय. नारळ किती पडले, सुपारी किती विकली, त्यातले सात भाग कुठे गेले. पहिली तीन वर्षं कोरी आहेत. ती आठवून भरतोय.

पाऊस संपला की मिस्त्रींनी सांगितल्याप्रमाणे दारांखालची भोकं तारेने मोकळी करतो आणि पेट्यांमध्ये तेल सोडतो. ते म्हणाले होते, गंज एकदा कापला म्हणजे संपला असं नाही, दरवर्षी खाली वाकून बघावं लागतं.